खोल खोदाईला तळापर्यंत एकदम परवानगी देऊ नका: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे आयुक्त आणि बांधकाम परवानगी विभागांचे प्रमुख

विषय: तळघरांच्या खोदाईतील आधारभिंतींना टप्पानिहाय मंजुरी देण्याबाबत

महोदय,

पुनर्विकासाच्या प्लॉटवर दोन-तीन तळघरे ही आता मुंबई-ठाण्यातच नव्हे, तर पुण्या-नाशकातही नेहमीची बाब झाली आहे. गाड्या बसवायच्या तर खाली जाण्यावाचून इलाज नाही, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती खड्ड्याच्या कडेला उभ्या असलेल्या भिंतीकडे पाहण्याच्या पद्धतीबद्दल. बारा मीटर खोल खड्डा, काठापासून चार मीटरवर चाळीस-पन्नास वर्षांची राहती इमारत, आणि दोहोंच्या मध्ये शोअर पाइल (काठाने जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खांब), वेलर (त्यांना जोडणारी आडवी तुळई) आणि अँकर (भिंत मागच्या जमिनीला बांधून ठेवणारे ताणलेले दोर) यांची एक भिंत. कागदावर तिची नोंद ‘तात्पुरते काम’ अशी होते. इमारतीच्या प्रत्येक स्लॅबचे चेकिंग होते. या भिंतीसाठी मात्र सुरुवातीला एक ड्रॉइंग, एक हमीपत्र, आणि त्यानंतर थेट राफ्टचे, म्हणजे तळाच्या पाया-स्लॅबचे, काँक्रीट, असेच बहुतेक साइटवर दिसते.

आम्ही भू-तांत्रिक आणि संरचना अभियंते आहोत. अशा भिंतींचे डिझाइन करणे आणि ते तपासणे हे आमचे काम. आमची मागणी एकच आहे: खोदाईची परवानगी तळापर्यंत एकदम देऊ नका. प्रत्येक अँकरच्या पातळीवर थांबा ठेवा आणि तिथली तपासणी होऊन सही झाल्याशिवाय पुढची खोदाई सुरू होऊ देऊ नका.

ड्रॉइंगवर दिसते ती पूर्ण झालेली भिंत. सगळे अँकर बसलेले, ताणलेले. ही अवस्था अगदी शेवटी येते. त्याआधी दर टप्प्यावर ती वेगळीच रचना असते. सुरुवातीला नुसती जमिनीत रोवलेली, मग एका अँकरच्या आधारावर, मग दोन. सर्वात धोक्याची वेळ बहुधा शेवटच्या अँकरच्या आधीची, कारण खोदाई तळाच्या जवळ पोचलेली असते आणि खालचा आधार अजून यायचा असतो. डिझाइनमध्ये लिहिलेले असते की अँकरच्या पातळीखाली अर्धा मीटर खोदा, भोक पाडून अँकर टाका, ग्राउटला (भोकात भरलेल्या सिमेंटच्या मिश्रणाला) सात दिवस द्या, अँकर ताणा आणि मगच पुढे जा. साइटवर पोकलेन भाड्याने उभा असतो, डंपरच्या खेपा ठरलेल्या असतात, आणि सात दिवस मशीन रिकामे ठेवायला कोणी तयार नसते. म्हणून अर्ध्या मीटरचे दोन मीटर होतात. दोन आधारांमधले अंतर तीन मीटरवरून साडेचार मीटर झाले, की पाइलला वाकवणारा मोमेंट दीडपट नव्हे, सव्वादोनपट होतो. खाली मातीचा दाबही जास्त असतो, तो यात धरलेला नाही. पाइलच्या पिंजऱ्यातली सळई एवढ्या मोमेंटसाठी टाकलेलीच नसते.

आता पाणी. मातीचे वजन घनमीटरला १.८ टन आणि घर्षणकोन ३० अंश धरला, तर दहा मीटर उंच कोरड्या मातीचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ३० टन येतो. तीच माती वरपर्यंत पाण्याने भरली तर पाण्यातल्या उचलीमुळे मातीचा वाटा १७ टनांवर येतो, पण पाण्याचा स्वतःचा ५० टन रेटा त्यात मिळतो. एकूण ६७ टन. एका पावसाळ्यात भिंतीवरचा भार दुपटीहून अधिक होतो, आणि खड्डा एक इंचही खोल झालेला नसतो. बहुतेक डिझाइनमध्ये निचरा चालू राहील असे गृहीत धरून पाणी खालच्या पातळीवर दाखवलेले असते. ते गृहीतक वैध ठेवायचे काम असते भिंतीतून पाणी बाहेर काढणाऱ्या ५०–७५ मिमी व्यासाच्या पाइपांचे. गनायटिंग करताना (भिंतीवर काँक्रीट फवारताना) त्यांची तोंडे बुजतात, मागच्या टोकाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) गुंडाळलेले नसते म्हणून बारीक माती आत येऊन बसते, आणि भिंत ‘कोरडी’ दिसते म्हणून सगळे निश्चिंत राहतात. पावसाळ्यात पूर्ण कोरडी दिसणारी भिंत पाहून तपासणी अधिकाऱ्याने आधी निचऱ्याची भोके मोकळी आहेत का, ते पाहावे. शेजारच्या सोसायटीची फुटकी ड्रेनेज लाइन, जमिनीखालची गळकी टाकी, रस्त्याकडेची जुनी जलवाहिनी हे पाणी बारमाही असते आणि ते पर्जन्यमानाच्या तक्त्यात सापडत नाही. खोदाईआधी या लाइन शोधून नकाशावर दाखवणे सक्तीचे करा. त्यांतल्या बऱ्याचशा लाइन महापालिकेच्याच आहेत.

काठावरचा भार हा असाच नजरेआड होतो. खोदलेली माती काठावर दोन मीटर उंचीपर्यंत पसरून ठेवली तर जमिनीवर चौरस मीटरला ३.६ टन भार येतो, आणि दहा मीटरच्या भिंतीवर दर मीटरला सुमारे १२ टन रेटा वाढतो. डिझाइनमध्ये साधारण एक ते दोन टनांचा वरचा भार धरलेला असतो. सळयांचे ढीग, भरलेला मिक्सर, क्रेनचा पाय हे त्यावर आणखी. भिंतीच्या उंचीएवढ्या पट्ट्यात काय ठेवायचे नाही, ते जमिनीवर रंगाने आखून द्यायला किती खर्च येतो?

सर्वात जास्त दुर्लक्ष अँकरच्या चाचणीकडे होते, म्हणून त्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो. अँकरचे दोन भाग असतात. खोल खडकात ग्राउटने पकडलेली बाँड लांबी, आणि तिच्यापासून भिंतीपर्यंत प्लास्टिकच्या नळीतली मोकळी लांबी. भिंतीमागची मातीची जी पाचर सरकू पाहते, ती ओलांडून पलीकडे पकड मिळावी, यासाठी ही मोकळी लांबी असते. तिच्यात ग्राउट शिरले तर अँकर त्या सरकणाऱ्या पाचरीतच पकड घेतो. जॅकवर ४० टन दिसतात, गेज बरोबर असते, फोटो निघतो, आणि अँकर तरीही निरुपयोगी असतो, कारण त्याने जिला धरले आहे ती मातीच उद्या त्याच्यासकट खाली येणार असते. हे ओळखायला नुसता भार वाचून चालत नाही, ताणही, म्हणजे अँकर किती लांबला तेही, मोजावा लागतो. १५.२ मिमीच्या चार स्ट्रँड (पोलादी तारांचे पीळ), प्रत्येकीचे क्षेत्रफळ १४० चौरस मिमी, मोकळी लांबी ८ मीटर, भार ४०० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने ४० टन. जॅकमधली लांबी वगळून अँकर सुमारे २९ मिमी ताणला गेला पाहिजे. त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा, म्हणजे २३ मिमीपेक्षा कमी ताणला गेला, तर मोकळी लांबी मोकळी नाही असे समजावे आणि तो अँकर नाकारावा. उलट बाजूने, चाचणीचा भार धरून ठेवल्यावर पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत अँकर एक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर तो तासभर धरून पाहावा. त्यानंतरही सरकत राहिला तर बाँडची पकड सुटते आहे. प्रत्येक अँकर डिझाइन भाराच्या सव्वापटीपर्यंत तरी ताणून मगच ठरलेल्या भारावर लॉक करायचा असतो. हे काम एका अँकरला अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. अनेक ठिकाणी पाच-सहा अँकरांची चाचणी होते आणि बाकीच्यांचे तक्ते त्याच आकड्यांवरून भरले जातात. लागोपाठ वीस अँकरांचा ताण मिलिमीटरपर्यंत सारखा लिहिलेला दिसला, तर तो तक्ता साइटवर भरलेला नाही, हे तुमच्या कनिष्ठ अभियंत्यालाही ओळखता येईल. खडक इतका एकसारखा कुठेच नसतो. रॉक अँकरसाठी आयएस १०२७० हे मार्गदर्शक मानक १९८२ पासून उपलब्ध आहे. त्याचा उल्लेख परवानगीच्या अटीत असावा आणि चाचणीचे तक्ते त्यासोबत मागवावेत.

अँकर तिरपा असतो, हेही विसरले जाते. २० अंशांनी खाली झुकलेला ४० टनांचा अँकर वेलरला १४ टनांनी खाली ओढतो. वेलरखालचा ब्रॅकेट दोन टॅक वेल्डवर लटकत असेल, तर वेलर हळूहळू खाली सरकतो, फिरतो आणि अँकरचा भार निघून जातो. वेलर आणि पाइल यांच्यामधली फट काँक्रीटने भरलेली नसेल तर चार पाइलांपैकी दोनच टेकतात. जिथे अँकरऐवजी आडवे स्ट्रट (समोरासमोरच्या भिंतींमध्ये टेकवलेले दांडे) असतात, तिथे हाच सांधा जीवघेणा ठरतो. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी दुपारी निकोल हायवेलगतची मेट्रोची खोदाई ढासळली आणि हायवेचा तुकडा आत गेला. तिथे तीस मीटरपेक्षा खोल खड्डा होता, ८० सेंटिमीटर जाड डायफ्रॅम वॉल (जमिनीत चर खणून ओतलेली सलग काँक्रीटची भिंत) होती, जगातली नावाजलेली यंत्रणा होती. चार माणसे गेली. चौकशीत निघाले ते असे: स्ट्रट आणि वेलरच्या सांध्याचे डिझाइन कमी ताकदीचे होते, आणि नंतर बसवलेल्या सी-चॅनलच्या तुकड्यांनी तो आणखी ठिसूळ झाला होता, म्हणजे एकदा वाकायला लागला की भार टिकवून धरू शकत नव्हता. मऊ सागरी चिकणमातीची ताकद संगणकीय विश्लेषणात वास्तवापेक्षा जास्त धरली गेली होती. आणि भिंत अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वाकते आहे हे यंत्रे सांगत असताना काम थांबवण्याऐवजी मर्यादेचे आकडे वाढवले गेले होते. मुंबईच्या खाडीलगत, भरावाखाली तशाच जातीची सागरी चिकणमाती आहे. म्हणून हे उदाहरण आम्ही इथे मुद्दाम देतो.

दुसरा प्रकार भिंतीतल्या फटीचा. जर्मनीत कोलोन शहरात ३ मार्च २००९ रोजी शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार कोसळले, दोघे मृत्युमुखी पडले, कित्येक शतकांची कागदपत्रे ढिगाऱ्यात आणि भूजलात गेली. शेजारी मेट्रोची खोदाई चालू होती. डायफ्रॅम वॉल बांधताना खोलवर लागलेला दगड नीट काढला गेला नव्हता, त्या जागी भिंतीत भगदाड राहिले आणि तिथून पाण्याबरोबर वाळू आत आली. इमारतीखालची जमीनच वाहून गेली. आपल्याकडे डायफ्रॅम वॉल कमी आणि टच पाइल (एकमेकांना नुसते टेकून उभे केलेले पाइल) जास्त, त्यामुळे फट हा अपघात नसून नियमच आहे. पाइल शंभरात एक इतका जरी तिरका गेला, तरी १२ मीटर खाली तो १२० मिमी सरकलेला असतो. सीकंट पाइलमध्ये ठेवलेली १००–१५० मिमीची एकमेकांतली गुंतवण तेवढ्यात संपते. शेजारचा पाइल उलट दिशेला गेला असेल तर खाली सरळ खिडकी तयार होते. दोन पाइलांमधून येणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हा प्रश्न म्हणूनच रोज विचारायला हवा. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक बरणी भरून अर्धा तास ठेवा. तळाला गाळाचा थर बसला, तर तो शेजाऱ्याच्या पायाखालून आलेला आहे. अशा वेळी पंप वाढवू नये, कारण पंपाने ओढ वाढते आणि पोकळीही वाढते. फट बंद करावी, मागे ग्राउट भरावे आणि काठावरच्या फरशीखाली पोकळी आहे का ते ठोकून पाहावे.

आपल्या खडकाबद्दलही सांगायला हवे, कारण ‘खाली काळा पत्थर आहे, काळजी नको’ हे वाक्य फार ऐकू येते. शोअर पाइल बहुधा खडकात थोडासा रोवून थांबवतात आणि त्याखालची खोदाई उघड्या खडकात उभी कापतात. पाइलच्या पायाशी खडकाची जी पायरी सोडलेली असते, तीच त्याचा आधार. ब्रेकरवाल्याला ती अडचण वाटते, आणि तळघराच्या भिंतीला जागा हवी म्हणून ती छाटली जाते. मग पाइल अधांतरी. पायरीची रुंदी आणि पायथ्याचे अँकर हा स्वतंत्र थांबा असायला हवा. शिवाय दख्खनच्या बेसॉल्टमध्ये दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर येतो. कोरडा असताना तो घट्ट असतो, पाणी आणि हवा लागली की भुगा होतो, आणि वरचा कठीण खडक त्यावरून खड्ड्याकडे सरकू शकतो. मुंबईच्या काही भागांत ब्रेशिया आणि टफ हे ज्वालामुखीजन्य खडकही असेच फसवे. दोन बोअरवर (जमीन तपासायच्या भोकांवर) अख्ख्या प्लॉटचा निष्कर्ष काढणे थांबले पाहिजे. खड्डा उघडत जाईल तसा भूवैज्ञानिकाने खडकाच्या भेगांची दिशा नोंदवावी आणि खड्ड्याकडे कललेली भेग दिसली तर तिथे जादा रॉक बोल्ट मारावेत.

मुरुमात आणि मऊ खडकात सॉइल नेलिंगचा (भोकात सळई घालून ग्राउट भरण्याचा) वापर वाढला आहे. पद्धत चांगली आहे, स्वस्तही आहे. पण नेल आणि अँकर एक नव्हेत. नेल ताणलेला नसतो. माती थोडी हलली की मग तो काम करू लागतो, म्हणून शेजारी जुनी इमारत असताना फक्त नेलवर अवलंबून राहणे आम्हाला मान्य नाही. २०–३२ मिमीची सळई १००–१५० मिमीच्या भोकात मधोमध राहण्यासाठी सेंट्रलायझर लागतात, नाहीतर सळई तळाशी टेकते आणि एका बाजूला ग्राउटच राहत नाही. ग्राउट भोकाच्या तळापासून पाइपने वर यायला हवे. तोंडाकडून ओतले की आत हवा राहते. एका वेळी एक-दीड मीटरपेक्षा जास्त उंचीचा उभा काप उघडायचा नाही, आणि तो दिवस मावळायच्या आत शॉटक्रीटने (फवारलेल्या काँक्रीटने) झाकायचा. पाच टक्के नेल ओढून तपासायचे, आणि ते कोणते हे ठेकेदाराने ठरवायचे नाही.

मोजमापांविषयी एवढेच म्हणतो की आकडे गोळा करून उपयोग नाही, कोणत्या आकड्याला कोण काय करणार हे आधी लिहिलेले हवे. इन्क्लिनोमीटरची (जमिनीतली आडवी हालचाल मोजणाऱ्या यंत्राची) नळी भिंतीत किंवा लगेच मागे, दर बाजूला किमान एक, आणि तिचे खालचे टोक न हलणाऱ्या खडकात. शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्यांवर लेव्हलचे बिंदू, भेगांवर गेज, काही अँकरांवर भार मोजणारे लोड सेल, मागे पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर. खोदाईच्या खोलीच्या ०.२ ते ०.५ टक्के हालचाल सर्वसाधारण समजली जाते, म्हणजे बारा मीटरला २४ ते ६० मिमी. पण शेजारच्या विटांच्या भिंतीला इतकी मुभा नसते. दोन खांबांतल्या अंतराच्या तीनशेव्या भागाइतका फरक पडला की भिंती तडकू लागतात. डिझाइनमधल्या अंदाजाच्या ७० टक्के हालचाल झाली की अभियंत्याने साइटवर यायचे, १०० टक्क्यांना काम बंद. वेग त्याहून महत्त्वाचा. आठवडाभर रोज अर्धा मिलिमीटर सरकणारी भिंत अचानक रोज तीन मिलिमीटर सरकू लागली, तर एकूण आकडा मर्यादेत असला तरी माणसे बाहेर काढावीत. काठाला समांतर भेग दिसली की तिच्यात सिमेंटचे पाणी ओतून ती ‘बुजवली’ जाते. आधी तिची रुंदी रोज मोजा, वर ताडपत्री टाका आणि पाणी दुसरीकडे वळवा. आणि भिंत खरोखर सुटू लागली, तर सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे खोदलेले परत भरणे. पायथ्याशी मुरुमाचा उतार टाकायचा. त्यासाठी प्रत्येक खोल साइटवर मुरूम, दोन जादा पंप आणि जनरेटर पावसाळाभर तयार हवेत.

आपल्या शहरांत काय घडू शकते ते घडून गेलेले आहे. २५ जून २०१८ च्या पावसात वडाळ्यात एका गृहसंकुलालगतचा रस्ता उभ्या गाड्यांसह शेजारच्या खोदाईत गेला. २९ जून २०१९ च्या मध्यरात्री पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत बांधकामाच्या जागेवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि लहान मुलांसह १५ जण गेले. झोपड्या उताराच्या पायथ्याशी होत्या. भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरात, वर किंवा खाली, कोणीही झोपता कामा नये. ही अट पाळली जाते का, हे पाहायला अभियंता लागत नाही. प्रभागातला मुकादमही पाहू शकतो.

रखडलेले खड्डे हा वेगळा विषय आहे. तात्पुरते अँकर साधारण दोन वर्षांच्या हिशेबाने करतात. पैसे अडकले, वाद कोर्टात गेला, की तोच खड्डा तीन-चार पावसाळे उघडा राहतो. अँकरच्या डोक्याशी गंज चढतो, स्ट्रँड पकडून ठेवणाऱ्या पोलादी पाचरी ढिल्या होतात, आणि पंप तर कधीच बंद झालेला असतो. मे महिन्यात सी-१, म्हणजे अतिधोकादायक, इमारतींची यादी निघते, तशीच उघड्या खोल खड्ड्यांची यादी निघावी. दोन वर्षे उलटलेल्या प्रत्येक खड्ड्यातले किमान दहा टक्के अँकर जॅक लावून पुन्हा तपासावेत, आणि मालक तयार नसेल तर महापालिकेने खड्डा भरून खर्च वसूल करावा. तसेच प्रत्येक अँकर शेजारच्या हद्दीत किती लांब आणि किती खोल गेला आहे, याची नोंद महापालिकेच्या नकाशावर असू द्या. उद्या तो शेजारी स्वतः खोदेल तेव्हा त्याच्या पोकलेनला ही माहिती हवी.

थांब्यांची पद्धत किचकट होऊ नये. प्रत्येक टप्प्यावर एका पानाचा अहवाल: खोदाईची मोजलेली पातळी, त्या ओळीतल्या प्रत्येक अँकरचा भार आणि ताण, इन्क्लिनोमीटरचे ताजे वाचन, निचऱ्याची आणि पंपाच्या पाण्याची स्थिती, चार फोटो. सही अशा भू-तांत्रिक अभियंत्याची, ज्याची नेमणूक महापालिकेच्या पॅनेलमधून झाली आहे आणि ज्याचे शुल्क विकासकाने महापालिकेकडे आधीच भरले आहे, म्हणजे त्याचे बिल ठेकेदाराच्या हातात राहणार नाही. महापालिकेने दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे. उशीर झाला तर साइट थांबणार नाही, चोरून खोदेल. शेवटचा थांबा अँकर सोडतानाचा ठेवा. तळघराचे स्लॅब भिंतीला टेकलेले आणि मागची पोकळी भरलेली असल्याशिवाय एकही अँकर ढिला करू नये, आणि इमारतीचे वजन पुरेसे होईपर्यंत पंप बंद करू नये, नाहीतर राफ्ट खालून उचलला जातो.

सुरुवात सहा मीटरपेक्षा खोल खोदाईपासून, आणि जिथे शेजारची इमारत खोलीच्या दुपटीपेक्षा जवळ आहे अशा ठिकाणांपासून करावी. अहवालाचा नमुना आणि अँकर चाचणीचा तक्ता आम्ही विनामोबदला तयार करून देऊ. प्रभागातल्या अभियंत्यांना प्रत्यक्ष साइटवर जॅक आणि गेज वाचायला शिकवण्यासाठी पावसाळ्याआधीचे दोन शनिवार आम्हाला द्यावेत.

आपले,
भू-तांत्रिक आणि संरचना अभियंत्यांचा एक गट